इबोगा आणि आईचा काढा

देवदत्तने विषय काढला तो एका रविवारी दुपारी, आई पार्कात फिरायला गेली होती तेव्हा. कौमुदी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो सोफ्याच्या कडेला बसला, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून धरले आणि म्हणाला, "ताई, मला एका ठिकाणी जायचंय. घरचं कुणी बरोबर असेल तरच घेतात तिथे."

"कुठे?"

"लीट्रिमला, गावाकडच्या भागात. एका बाईच्या घरी."

कौमुदीने हातातला टॉवेल खाली ठेवला. गेल्या वर्षभरात धाकट्या भावाच्या तोंडून तिने बरंच काही ऐकलं होतं आणि त्यातलं निम्मं खोटं निघालं होतं. ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला जाताना पावसात ट्रामच्या रुळांवरून त्याची सायकल घसरली, खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, इथपर्यंत सगळं खरं होतं. ऑपरेशननंतर दुखणं कमी व्हावं म्हणून ऑक्सिकोडोन या अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी त्या वेळेवर बंदही केल्या. देवदत्तने केल्या नाहीत. आधी तो कोडीनच्या गोळ्यांसाठी या फार्मसीतून त्या फार्मसीत हिंडला, मग टॅला या उपनगरातल्या एका माणसाकडून ऑक्सिकोडोन घ्यायला लागला. त्या माणसाचं नाव त्याने कधी सांगितलं नाही. बोलताना नेहमी इथल्या लोकांसारखं 'यूअर मॅन', म्हणजे 'तो बाबा'. नोकरीत लांब रजा घ्यावी लागली, भाड्याची खोली सुटली आणि तो सँट्रीला बहिणीच्या फ्लॅटवर राहायला आला.

"ही बाई काय करते?"

"आफ्रिकेत एक झुडूप असतं, इबोगा. त्याच्या मुळाची साल देतात. पुरा एक दिवस माणूस जागेपणीच स्वप्नात असल्यासारखा असतो. आणि उतरलं की..." त्याने हात मांड्यांखालून काढले. "अंग मोडून येत नाही, ताई. थरथर नाही, उलट्या नाहीत. तलफच जाते म्हणतात. सायकेडेलिक थेरपीच आहे, बाहेर काही देशांत क्लिनिक आहेत याची."

"आणि इथे?"

"इथे आयर्लंडमध्ये कायद्यात बसत नाही."

"मग सरळ इथल्या व्यसनमुक्ती क्लिनिकला चल ना. जिभेखाली ठेवायची गोळी देतात. वेटिंग लिस्ट आहे, पण मी तुझा नंबर लावून ठेवलाय."

"एक गोळी सोडायला दुसरी गोळी? किती वर्षं?" तो उठून उभा राहिला. "मला सुटायचंय. एकदाच."

ती एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होती. तपासणी झाल्याशिवाय एक गोळी दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही, यावर तिचा पगार चालायचा. तिने नाहीच म्हणायला हवं होतं. पण आदल्याच आठवड्यात तो बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला तिने पाहिला होता; ओठ निळसर, अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका ओला. पुन्हा तसं दार उघडायची तिच्यात ताकद नव्हती. ती हो म्हणाली.

आईला काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. लताबाई मिरजेहून येऊन दोन महिने होत आले होते. मुलाला 'दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागलीय' एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी पदर खोचला होता. मिरजेच्या वैद्यांना विचारून त्या औषधी बॅगेत भरून घेऊन आल्या होत्या. रोज सकाळी स्वयंपाकघरात काढा उकळायचा, सगळ्या फ्लॅटभर त्याचा उग्र, मातकट वास पसरायचा. देवदत्त सुरुवातीला तोंड वाकडं करायचा. हल्ली मात्र तो मुकाट्याने पेला रिकामा करायचा, कधी कधी मागूनही घ्यायचा.

"देवदत्तच्या मित्राकडे चाललोय दोन दिवस," कौमुदीने सांगितलं. "त्याला जरा हवापालट."

"बरं आहे की," लताबाई म्हणाल्या आणि थर्मास भरून तिच्या हातात दिला. "दोन्ही वेळा दे त्याला. विसरू नकोस बघ."

लीट्रिमची ती बाई, ओर्ला, त्यांना ड्रोमोडच्या पेट्रोल पंपावर भेटली. पत्ता तिने आधी दिलाच नव्हता. साठीच्या आसपासची, उंच, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली बाई. ती आपल्या गाडीत बसली आणि कौमुदी आपली गाडी घेऊन तिच्या मागे निघाली. हमरस्ता सुटला, मग पांढरी रेघ सुटली, मग मधोमध गवत उगवलेली वाट लागली. दोन्ही बाजूंना लव्हाळ्याने भरलेली पाणथळ शेतं. त्या वाटेच्या शेवटी एक बुटकं घर होतं, आणि मागे तळं.

कौमुदीला वाटलं होतं तशी ती निघाली नाही. जपमाळा, धूप, मोराची पिसं, यातलं घरात काही नव्हतं. ओर्ला पूर्वी नर्स होती. तिचा मुलगा हेरॉइनपायी जिवानिशी गेला होता. हे तिने चहा ओतता ओतता, हवामान सांगावं तसं सांगितलं. तिने देवदत्तच्या छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"ग्रँड, ठीक आहे," ती म्हणाली. "हृदय कच्चं असेल तर मी देत नाही. याने ठोके मंदावतात. हृदयाच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, मेथाडोन, यातलं काही चालू आहे? बाकी कुठलं औषध?"

"काहीच नाही," देवदत्त म्हणाला.

कौमुदीनेही मान हलवली. थर्मास पायाशी पिशवीतच होता. तिच्या मनात तो औषध नव्हताच. तो आईचा काढा होता.

शेवटची गोळी घेऊन आता दिवस उलटला होता. रात्र त्यांनी तिथेच काढली, आणि सकाळपर्यंत देवदत्तची दैना झाली. पोटात काही ठरेना, नाक-डोळे वाहत होते, पांघरुणाखाली पाय झटके देत होते. "काढा दे, ताई," तो कुडकुडत म्हणाला. "त्याने जरा पोट शांत होतं." तिने दिला. तो सगळा प्याला. तासाभराने ओर्लाने त्याला तपकिरी भुकटी भरलेल्या कॅप्सूल दिल्या. खोलीचे पडदे ओढले, उशाशी एक बादली ठेवली, बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला. त्याच्यावर लाल आकडा उमटला.

सुरुवातीला सगळं तिने सांगितलं होतं तसंच झालं. थरथर थांबली. कौमुदीचा विश्वास बसेना. वर्षभरात पहिल्यांदा भावाचे हात स्वस्थ पडलेले ती बघत होती. तो डोळे मिटून पुटपुटत होता. कान देऊन ऐकलं तर तो एकेका फार्मसीचं ठिकाण सांगत होता. टॅला, सोर्ड्‌स, फिबझ्बरो. एकेका काउंटरपाशी उभा राहून तो कुणाला तरी सांगत होता, "माझ्यासाठी नाही, आईसाठी हव्यात." मधेच त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"चांगलं चाललंय," ओर्ला कुजबुजली.

दुपार कलली तसा चिमट्यावरचा आकडा उतरत गेला. पन्नासच्या खाली, मग चाळीसच्या आसपास. कौमुदीने ओर्लाकडे पाहिलं.

"मंदावणारच. सांगितलं होतं मी."

"इतके?"

"इतके चालतात."

मग आकडा अचानक वर उसळला, पुसला गेला, पुन्हा उमटला. देवदत्तने डोळे उघडले. "ताई, छातीत काहीतरी..." म्हणाला, आणि त्याची मान एका बाजूला कलली. हातपाय एकदा ताठ झाले, सैल पडले. ओर्लाने झेप घेऊन त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. काही क्षण ती तशीच होती. मग देवदत्तने मोठ्याने श्वास ओढला आणि चेहऱ्यावर रंग परतला.

"चक्कर आली," ओर्ला म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता.

"अँब्युलन्स बोलाव."

"थांब जरा. आला ना तो परत."

"बोलाव म्हणतेय ना!"

"तू समजून घे. ते आले की मागोमाग गार्डा, पोलीस येणार. हे घर, हे काम सगळं संपेल. याच्या मागून येणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी दुसरं कुणी नाहीये." ती भरभर बोलत होती, डोळे देवदत्तवर. "मी तारा लावते, आलेख बघते, मग ठरवू."

कौमुदीने फोन काढला. खोलीत रेंज नव्हती. ती स्वयंपाकघरात धावली, सिंकवरच्या खिडकीपाशी एक रेघ मिळाली. नऊ नऊ नऊ, तातडीच्या मदतीचा नंबर. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "पत्ता? एअरकोड सांगा."

आयर्लंडमध्ये दर घराचा आपला एक कोड असतो. तो सांगितला की आडरानातलं घरही सापडतं. नाही सांगितला तर ड्रोमोडच्या पुढे कुठलीशी वाट, मधे गवत, मागे तळं, एवढंच तिला सांगता आलं असतं. आणि तशी तळी त्या भागात जिकडे तिकडे होती.

"ओर्ला! एअरकोड!"

तिने पुन्हा हाक मारली.

ती फोन कानाला लावूनच खोलीच्या दारापर्यंत गेली. आवाज तुटायला लागला. ओर्ला पलंगापाशी उभी होती, हातात नुकताच निघालेला आलेख. ती त्या कागदाकडे बघत होती आणि तिच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"तुझा मुलगा असता तर?" कौमुदी म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण शब्द अगदी हळू बाहेर पडले.

ओर्लाने वर पाहिलं. त्याच वेळी पलंग करकरला. देवदत्त पुन्हा ताठ झाला, आणि या वेळी श्वास परतला नाही. ओर्लाने कागद टाकला, त्याला दंडाला धरून खाली जमिनीवर ओढलं, त्याच्या छातीवर दोन्ही तळवे रोवले आणि दाबायला सुरुवात केली. दाबता दाबताच तिने कोड सांगितला. एकेक अक्षर, एकेक आकडा, मोठ्याने, दाराकडे तोंड करून. कौमुदी तो पाठ म्हणत खिडकीकडे धावली.

अँब्युलन्स येईपर्यंत दोघी आळीपाळीने छाती दाबत होत्या. ओर्ला शिकवत होती, "खोल, आणखी खोल, घाबरू नकोस, बरगडी मोडली तर मोडू दे." एक बरगडी मोडलीही; कौमुदीला ती तळव्याखाली जाणवली. दोन पॅरामेडिक आत आले, त्यांनी शर्ट फाडला, झटका दिला. देवदत्तचं अंग उडालं. यंत्रावर वेड्यावाकड्या रेषेच्या जागी ठोके दिसायला लागले.

"काय घेतलंय याने?"

"इबोगा," ओर्ला म्हणाली. तिने किती दिली, कधी दिली, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कौमुदी अँब्युलन्समध्ये चढली तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

स्लायगोच्या इस्पितळात तासाभरात आणखी दोनदा त्याचं हृदय भरकटलं. दोन्ही वेळा त्यांनी ते ठिकाणावर आणलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"रक्तातलं पोटॅशियम फार म्हणजे फारच कमी आहे," ती म्हणाली. "उलट्या-जुलाबांनी थोडं जातं, पण इतकं नाही. दुसरं काहीतरी आहे. नीट आठवा. गोळ्या, पावडर, जुलाबाचं औषध, काहीही."

कौमुदीच्या डोळ्यांसमोर थर्मास आला.

"एक काढा घेतो तो. आयुर्वेदिक. रोज."

"त्यात काय आहे?"

तिला माहीत नव्हतं. दोन महिने तिच्याच स्वयंपाकघरात तो उकळत होता, कारखान्यात प्रत्येक पोत्याची तपासणी करणाऱ्या तिने एकदाही झाकण उचलून विचारलं नव्हतं. तिने फोन लावला.

"पोचलात का गं? एक फोन नाही काही नाही," लताबाई म्हणाल्या.

"आई, काढ्यात काय काय घालतेस?"

"का? उलटला का त्याला?"

"आई, आधी सांग. पटापट."

"कौमे, कुठं आहेस तू?"

"हॉस्पिटलमध्ये. देवाचं हृदय नीट चालत नाहीये. डॉक्टर समोर उभ्या आहेत. काढ्यात काय आहे ते सांग, आई, रडू नकोस, नंतर रड."

लताबाई रडल्या नाहीत. शाळेत हजेरी घ्यावी तशा एकेक नाव घेऊ लागल्या. "गुळवेल. अश्वगंधा. ब्राह्मी. जटामांसी, झोपेसाठी. आणि ज्येष्ठमध."

कौमुदी एकेक नाव फोनवर शोधून इंग्रजीत डॉक्टरला दाखवत होती. ज्येष्ठमधापाशी डॉक्टरने तिचा हात धरला. "लिकरिश? खरं मूळ? किती?"

"आई, ज्येष्ठमध किती घालतेस?"

"वैद्यांनी चिमूटभर सांगितलं होतं. पण कडू लागतं म्हणून बेसिनमध्ये ओतायचा गं तो, मी बघितलंय. मग मी वाढवत नेलं. आता मूठभर घालते. गोड लागलं की पितंय पोरगं. कौमे, त्यानंच काही झालं का?"

डॉक्टर आत पळाली होती. जाता जाता तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं : ज्येष्ठमध जास्त झालं की शरीरातलं पोटॅशियम वाहून जातं, आणि ती साल हृदयाचा ठोका लांबवते. एकेकटं कदाचित निभलं असतं. दोन्ही मिळून एकाच जागी घाव बसला.

"आई, मी नंतर बोलते," कौमुदी म्हणाली.

रात्र व्हायच्या आत देवदत्तचे ठोके स्थिरावले. मग कौमुदीने आईला फोन करून तो स्लायगोच्या इस्पितळात आहे, एवढं कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लताबाई वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. एकट्या त्या कधी बसमध्येही चढल्या नव्हत्या. सँट्रीहून बस पकडून कॉनोली स्टेशन गाठून, भेटेल त्याला 'स्लायगो, माय सन' एवढंच सांगत त्या ट्रेनने आल्या होत्या. पायात मोजे आणि चपला, अंगावर कौमुदीचा रेनकोट. लेकीला त्यांनी बाकावर बसवलं.

"मला खरं सांग. माझ्यामुळं झालं?"

कौमुदीकडे सोपं उत्तर तयार होतं. उलट्या झाल्या म्हणून, ती साल घेतली म्हणून. खोटंही नव्हतं ते. रात्रभर ती तेच घोळवत होती. पण या घरात वर्षभर सगळे एकमेकांना अर्धंच खरं सांगत आले होते.

"थोडं तुझ्यामुळे," ती म्हणाली. "ज्येष्ठमध फार झालं. थोडं माझ्यामुळे, मी कुणाला न विचारता त्याला तिकडे नेलं, आणि त्या सकाळी काढाही मीच पाजला. थोडं त्याच्यामुळे."

लताबाईंनी रेनकोटचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि कौमुदी काही बोलायच्या आत पलंगापाशी उभं राहून म्हणाल्या, "देवा, माझ्या हातनं चुकलं रे. गोड व्हावं म्हणून मी जास्त घातलं."

देवदत्तच्या नाकात नळी होती. मोडक्या बरगडीमुळे त्याला बोलताना कळा येत होत्या. "आम्ही तुला मित्राकडे जातोय म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"व्हय. ते बी चुकलंच."

त्याने हसायचा प्रयत्न केला आणि बरगडी धरली.

"गोळी हवीशी वाटतीया?" आईने विचारलं. हा शब्द त्यांनी त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला होता.

"आत्ता नाही. खरंच नाही."

"आणि उद्या?"

त्याने छताकडे पाहिलं. "माहीत नाही, आई."

गार्डा आले, त्यांनी जबाब घेतला. कौमुदीने जे घडलं ते सांगितलं : कोड सांगायला ओर्लाने उशीर केला हेही, आणि तिने छाती दाबायचं सोडलं नाही हेही. पुढे ओर्लावर खटला उभा राहिला. तिची आठवण निघाली की कौमुदीला राग आणि उपकार यातलं काय वाटतं ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तलफ परत आली. इस्पितळातून सुटल्यावर काही आठवडे देवदत्त खाऊ लागला, झोपू लागला, ऑफिसला कधी जायचं ते बोलू लागला. क्लिनिकचा विषय काढला की म्हणायचा, आता गरजच काय? मग एका दुपारी कौमुदी कारखान्यात असताना त्याचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"ताई, मी रेड लाइनच्या ट्राममध्ये आहे."

रेड लाइन टॅलाला जाते. तिने मीटिंगच्या खोलीचं दार मागे लोटलं आणि पार्किंगकडे चालायला लागली.

"कुठे पोचलास?"

"माहीत नाही. सकाळपासून अंगात... ताई, मी यूअर मॅनला मेसेज केलाय. तो वाट बघतोय."

"मग मला का फोन केलास?"

ट्रामचं दार उघडल्याची घंटा, दार मिटल्याची घंटा. तिने गाडी सुरू केली.

"देवा, पुढच्या स्टॉपला उतर."

"उतरून काय करू?"

"काही करू नकोस. बाकावर बस. मी येतेय."

"आईला नको सांगूस."

"सांगणार. घरावरूनच येतेय मी, आईला घेऊन. आता काही लपवायचं नाही म्हणून ठरलंय ना आपलं?"

पुन्हा घंटा वाजली. पुढे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि एका मुलीचं हसणं, आणि स्टॉपचं नाव सांगणारा बाईचा आवाज, आधी इंग्रजीत, मग आयरिशमध्ये. कौमुदीने कान टवकारले. दार उघडलं. पावलं वाजली की नाही, तिला कळेना. दार मिटलं. ट्राम निघून जातानाचा लांबत जाणारा आवाज आला, आणि मग वारा.

"उतरलो," देवदत्त म्हणाला.

दोघी पोचल्या तेव्हा तो कुकस्टाउनच्या स्टॉपवर कडेच्या बाकावर, कानटोपी ओढून बसलेला होता. दात वाजत होते. लताबाई त्याच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. समोरून टॅलाची आणखी एक ट्राम आली, थांबली, गेली. त्याने मान वळवून ती पार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"ती जिभेखालची गोळी," तो शेवटी म्हणाला. "लावून ठेवलेला नंबर अजून आहे का?"

"आहे," कौमुदी म्हणाली. "मी तो कधी रद्द केलाच नव्हता."

"चला मग," लताबाई उठल्या. "आणि मी येणार आहे बरोबर. मला त्या डॉक्टरीणबाईंना विचारायचंय, ह्याला काय चालतं अन् काय नाही चालत ते. तू सांग माझं इंग्लिशमधे. सगळं सांगायचं, गाळायचं नाही."